वाचकांचे प्रश्न : सातवीच्या वर्गातला एक आठवडा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर येतात न येतात तोच कापसाची वेचणी जोर धरते, आणि नेमक्या याच दिवसांत सहावी ते आठवीच्या मुलांच्या पालकांची सर्वाधिक पत्रे या सदराकडे येतात. या वेळी आम्ही वाचकांना एकच विनंती केली होती. २४ ते २९ नोव्हेंबर २०२५ या आठवड्यात आपल्या मुलाच्या वर्गात काय शिकवले गेले आणि काय घडले ते लिहावे, आणि प्रश्न त्यातूनच विचारावा. आलेल्या पत्रांतली चार येथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि गावांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे, नेहमीप्रमाणे, या सदरासाठी लिहिणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांची आहेत.

प्रश्न : माझा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. मी दहावीपर्यंत शिकलेली असून रोज संध्याकाळी त्याचे दप्तर पाहते. त्या आठवड्यात सोमवारी सरांनी मुलांना माती आणण्यासाठी शेतांच्या बांधांवर नेले आणि मंगळवारी त्या मातीवर पाणी ओतत मुले बसली होती. बुधवारी संविधान दिन असल्यामुळे प्रभातफेरी निघाली व दुपारपर्यंत भाषणे झाली. गुरुवारी गणिताच्या तासाला काटा आणून कापूस मोजला, शुक्रवारी महात्मा फुल्यांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम झाला आणि शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत कवायत आणि वर्गाची झाडझूड झाली. सहा दिवसांत विज्ञानाच्या वहीत दीड पान, गणिताच्या वहीत चार उदाहरणे (त्यातले चौथे अर्धवट) आणि नागरिकशास्त्राच्या वहीत एक ओळही नाही. तालुक्याच्या गावी शिकणारी माझी पुतणी त्याच आठवड्यात चोवीस पाने लिहून आली. शाळेत जाऊन विचारावे तर सरांना वाईट वाटेल अशी भीती वाटते. माझे मूल मागे पडते आहे का? वहीच्या त्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

उत्तर : ताई, झेरॉक्स जोडल्या हे तुम्ही फार बरे केले, कारण त्या पानांवर मला जे दिसले ते तुमच्या पत्रात आलेले नाही. विज्ञानाच्या दीड पानावर तुमच्या मुलाने पेन्सिलीने तीन रकान्यांचा तक्ता आखला आहे आणि त्यांना वाळू, मुरमाड आणि काळी अशी नावे दिली आहेत. तिन्ही मातींचे वजन सारखे घेतले, पाणी सारखे ओतले आणि खाली किती वेळात किती पाणी उतरले ते मिनिटांत आणि मिलिलीटरमध्ये नोंदवले. काळ्या मातीच्या रकान्यात पहिला आकडा खोडून त्याच्या वर दुसरा लिहिलेला आहे आणि शेजारी बारीक अक्षरात ‘परत केले’ असे दोनच शब्द आहेत. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो वह्या तपासल्या, आणि त्या अनुभवावरून सांगते की तो खोडलेला आकडा हा त्या आठवड्यातला सर्वांत मोठा धडा आहे. पहिल्या वेळी मोजणे चुकले आहे हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात आले, किंवा सरांनी त्याला ते लक्षात आणून दिले, आणि अंदाजाने आकडा भरून मोकळे होण्याऐवजी त्याने माती पुन्हा भरून पाणी पुन्हा ओतले. एवढ्याला एक तासिका सहज लागते आणि वहीत त्याचा एकच आकडा दिसतो.

त्या तक्त्यातून काय निघते ते तुम्हाला शेतामुळे आधीच ठाऊक आहे. आपल्या भागातली काळी माती बेसाल्ट या खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे, आणि तिच्यातले चिकणमातीचे कण अतिशय बारीक असल्यामुळे ती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. वाळूतून पाणी भराभर खाली जाते आणि काळ्या मातीत ते अडकून राहते. म्हणून पावसाळा सरल्यावरही कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे झाड, महिनोन्‌महिने त्या ओलीवर तग धरते, आणि म्हणूनच झडीच्या पावसात त्याच वावरात पाणी साचून ती पिवळी पडते. मुलाने हे पुस्तकात वाचले असते तर पाठ करून परीक्षेत उतरवले असते. आता ते त्याच्या हाताने झालेले आहे.

पण तुमची शंका पूर्णपणे चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. त्याच पानाच्या शेवटी ‘निष्कर्ष’ असा शब्द लिहून, पुढे दोन टिंबे देऊन, खालची जागा रिकामी सोडलेली आहे. वही कोरी राहिली आहे ती इथे, आणि ही उणीव खरी आहे. प्रयोग झाला, आकडे झाले, घंटा वाजली, दुसऱ्या दिवशी प्रभातफेरी निघाली आणि समजलेले शब्दांत मांडण्याचे काम राहून गेले. बारा-तेरा वर्षांच्या वयात मुलाला पुष्कळ कळत असते, परंतु कळलेले वाक्यात बसवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते केल्याशिवाय येत नाही. तुम्ही आज रात्री त्याला जवळ बसवा आणि ‘आपल्या वावरात पाणी का साचते रे?’ एवढेच विचारा. तो बोलेल. बोलून झाल्यावर त्याच तीन वाक्यांना त्या रिकाम्या जागेत लिहायला सांगा. वाक्यरचना तुम्ही सांगू नका.

गणिताच्या अर्धवट उदाहरणाबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला आहे. चौथ्या उदाहरणात गुरुवारी मोजलेला कापूस ५०० ग्रॅम लिहिलेला आहे, खाली ‘शनिवार’ असे लिहून ४६५ हा आकडा वेगळ्या पेनाने टाकलेला आहे, आणि टक्केवारी काढायची बाकी आहे. याचा अर्थ सकाळच्या दवात वेचलेला कापूस वर्गाने तोलला, दोन दिवस उन्हात वाळवला आणि शनिवारी, तुम्ही कवायत आणि झाडझूड म्हणता त्या अर्ध्या दिवसात, पुन्हा तोलला. ३५ ग्रॅम घट ५०० वर म्हणजे ७ टक्के. ते सोमवारी होईल. शेकडेवारी शिकवायला याहून जवळचे उदाहरण आपल्या गावात मिळणार नाही, कारण हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्के धरूनच भाव ठरतो, त्याहून ओल्या मालाला भाव कमी मिळतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतच नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. समजा ११ टक्के ओलावा निघाला आणि वरच्या ३ टक्क्यांसाठी टक्क्याला टक्का भाव उतरवला, तर क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे कमी होतात. हा हिशेब सातवीच्या मुलाला स्वतः मांडता आला तर घरच्या गाडीसोबत जाताना तो काट्यावरचा आकडा नुसता ऐकून घेणार नाही.

बुधवार आणि शुक्रवार या दोन दिवसांबद्दल मी शाळेची बाजू तितक्या जोराने घेऊ शकत नाही. संविधान दिन हा सातवीच्या वर्गासाठी तर हातात आयता आलेला धडा आहे, कारण सातवीच्या नागरिकशास्त्राचे पुस्तकच संविधानाची ओळख करून देणारे आहे आणि उद्देशिका त्यात आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० पासून ते अंमलात आले, हे मुले भाषणातही ऐकतात. परंतु मोठ्या माणसांची भाषणे दुपारपर्यंत चालली आणि मुले उन्हात मांडी घालून बसली, तर तो अर्धा दिवस वाया गेला असेच मी म्हणेन, मग तो कितीही चांगल्या हेतूने घालवलेला असो. मुले परिपाठात उद्देशिका म्हणतात, ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ येथे सगळ्यांची जीभ अडखळते आणि एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून ती पुढे जातात. त्या दिवशी एकच तासिका घेऊन ‘दर्जाची व संधीची समानता’ एवढे चार शब्द फळ्यावर लिहिले असते, आणि गावात संधी कोणाला मिळते व कोणाची हुकते याचे एक-एक उदाहरण प्रत्येकाने वहीत लिहिले असते, तर नागरिकशास्त्राची वही कोरी राहिली नसती. ज्या सभेने हे शब्द स्वीकारले तिच्यात आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख सदस्य म्हणून बसत होते, हेही मुलांना कळले असते. शेतकऱ्याच्या घरातून आलेला आणि पुढे देशाचा कृषिमंत्री झालेला माणूस त्या कामात होता हे कळल्यावर ते पान मुलांना परके वाटत नाही.

शुक्रवारचेही तसेच. महात्मा फुल्यांचे निधन २८ नोव्हेंबर १८९० रोजी झाले आणि त्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे दरवर्षी सांगितले जाते. मला वाटते, सातवीच्या मुलांना त्यापेक्षा १८८२ ची गोष्ट सांगावी. त्या वर्षी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी अशी मागणी केली होती की प्राथमिक शिक्षण एका ठराविक वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे. समोर बसलेली मुले नेमकी बारा वर्षांची असतात. आपल्या वयाचा आकडा एवढ्या जुन्या मागणीत सापडला की मुले मान वर करून पाहतात, हे मी माझ्या वर्गात दर वर्षी अनुभवले आहे.

पुतणीच्या चोवीस पानांना मी नावे ठेवणार नाही. नेमाने, सुवाच्य लिहिण्याची सवय लागणे ही मोठी गोष्ट आहे आणि तुमच्या मुलाला तिची गरज दिसते. फक्त दोघांची तुलना पानांवर करू नका. दोघांनाही वही मिटायला लावून आठवड्यातली एकेक गोष्ट सांगायला सांगा, आणि कोण सांगता सांगता थांबतो ते पाहा. सरांना भेटायला जरूर जा. ‘तुम्ही शिकवत नाही’ असे म्हणायला जाऊ नका, तर हीच दीड पाने घेऊन जा आणि ‘निष्कर्ष मुलांकडून कधी लिहून घेणार आहात?’ असे विचारा. ज्या शिक्षकाने माती आणायला मुलांना बांधावर नेले, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही, उलट पाने नीट पाहणारे पालक गावात आहेत याचे त्याला बळच मिळेल.

प्रश्न : मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीचा वर्गशिक्षक आहे. पटावर २४ मुले आहेत. त्या आठवड्यात सोमवारी २१ हजर होती, मंगळवारी १९, बुधवारी कार्यक्रम व खाऊ असल्यामुळे सर्वच्या सर्व २४, गुरुवारी १३, शुक्रवारी १२ आणि शनिवारी ९. बाकीची मुले वेचणीला गेली होती. गुरुवारी मी गुणोत्तराचा नवा धडा सुरू केला आणि शुक्रवारी वर्गातल्या निम्म्या मुलांसमोर संपवला. सोमवारी तोच धडा परत घ्यावा तर हजर असलेली मुले कंटाळतात आणि पुढे जावे तर उरलेली कायमची मागे पडतात. पालकांशी बोललो तर ‘मजूर मिळत नाही, तुम्ही येता का वेचायला?’ असे ऐकावे लागते. काय करावे?

उत्तर : सर, प्रथम कायद्याची गोष्ट सांगते, कारण ती तुम्हाला ठामपणे माहीत असली पाहिजे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, तो २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्या कायद्यानुसार सहावी ते आठवीचे वर्ग वर्षात २२० दिवस व १,००० तास चालले पाहिजेत. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या बदलानंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, आणि स्वतःच्या घरच्या कामात त्याने हात लावायचा तर तो शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीतच. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात मजुरीने वेचायला पाठवणे हा गुन्हा आहे आणि स्वतःच्या वावरात शाळा बुडवून पाठवणेही कायद्यात बसत नाही.

पण हे सांगून वर्ग भरत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बोंड फुटल्यावर कापूस फार दिवस झाडावर ठेवता येत नाही. अवकाळी पाऊस आला तर त्याला डाग पडतो, तो गळतो, भाव उतरतो आणि सगळ्या गावाची वेचणी एकाच वेळी आल्यामुळे माणूस खरोखरच मिळत नाही. पालक तुमच्यावर चिडतात ते या घाईपोटी. म्हणून त्यांच्या घरी जायचे तर संध्याकाळी वेचलेल्या कापसाचे माप झाल्यावर, सातच्या सुमारास जा, शक्यतो आईशी बोला, आणि शनिवारची दुपार व रविवार हे दीड दिवस मुलाने घरच्या वावरात मदत केली तर तुमची हरकत नाही, पण सोमवारपासून शनिवारच्या सकाळपर्यंत तो तुम्हाला वर्गात हवा आहे, असे सरळ सांगा. सगळे ऐकणार नाहीत. काही जण ऐकतील, आणि त्यांच्याकडे पाहून आणखी काही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तुमच्याच हजेरीत त्याचे उत्तर आहे. सोमवार ते बुधवार मुले असतात आणि गुरुवारपासून ओसरतात. तेव्हा वेचणीचे हे चार-पाच आठवडे नवी संकल्पना गुरुवारी सुरू करूच नका. गुणोत्तर सोमवारी आणि मंगळवारी शिकवा, बुधवारी सोडवून घ्या, आणि गुरुवार ते शनिवार सराव, वाचन, चित्रे, मोजमापे, वाचून दाखवणे असे काम ठेवा, ज्यात दोन दिवस हुकलेले मूल परत आल्यावर दहा मिनिटांत सामील होऊ शकते. वेळापत्रक हे गावाच्या पिकाकडे पाहून वाकवावे लागते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तिथे आपण हवामान मान्य केलेच आहे.

दुसरे म्हणजे प्रत्येक मुलाला त्याच्याच आळीतला एक जोडीदार नेमून द्या. जो हजर असेल त्याने संध्याकाळी गैरहजर असलेल्याच्या घरी जाऊन त्या दिवशीचे फक्त एक उदाहरण समजावून द्यायचे. एकापेक्षा जास्त सांगितले तर दोन दिवसांत हे बंद पडते, हा माझा अनुभव आहे. सोमवारी पहिल्या तासाला जोडीदारानेच त्याला फळ्यापाशी उभे करावे. हजर असलेली मुले कंटाळतात अशी तुमची तक्रार आहे, ती यामुळे बरीच कमी होईल, कारण शिकवायला लागले की आपल्याला काय येत नाही ते मुलाला प्रथमच कळते.

एक गोष्ट मला आजही बोचते आणि ती तुम्हाला सांगावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, तिचे अक्षर मोत्यासारखे होते. चार दिवसांच्या गैरहजेरीनंतर ती आली आणि तिने लिहिलेले पान इतके वेडेवाकडे होते की मी सर्वांसमोर तिला बोलले. तिने काही उत्तर दिले नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना तिचा हात मला दिसला. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या बोटांची नखांजवळची कातडी सोलून निघाली होती, आणि पेन बोटांत धरवत नसल्यामुळे तिने ते मुठीत धरून लिहिले होते. त्यानंतर वेचणीच्या दिवसांत सोमवारी सकाळी मी लेखन घेतले नाही. आधी हात पाहायचे, मग तोंडी काम द्यायचे. तुम्हीही असेच करा आणि वर्गात खोबरेल तेलाची एक बाटली ठेवा.

प्रश्न : आमच्या गावात (गडचिरोली जिल्हा) शाळा सातवीपर्यंतच आहे, म्हणून माझी मुलगी आठवीसाठी एसटीने दुसऱ्या गावी जाते. शाळा साडेदहाला भरते आणि बस अकराला पोहोचते. त्या पूर्ण आठवड्यात तिचा व आणखी सहा मुलींचा परिपाठ आणि गणिताचा पहिला तास रोज बुडाला. शाळा म्हणते बसचे पाहा, बसवाले म्हणतात शाळेचे पाहा.

उत्तर : दोन्हीकडचे पाहावे लागेल, आणि शाळेचे आधी, कारण ते उद्या होण्यासारखे आहे. पहिला तास गणिताचाच असावा असा कुठलाही नियम नाही. वेळापत्रक बदलणे मुख्याध्यापकांच्या हातात असते. पहिल्या तासाला चित्रकला, कार्यानुभव किंवा शारीरिक शिक्षण आणि गणित तिसऱ्या तासाला, एवढा बदल सात मुलींसाठी त्यांनी अवश्य करावा. तसे तोंडी सांगून झाले नाही तर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लेखी मांडा. त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, तेव्हा मुलींच्या आयांनीच तो विषय मांडावा.

बसच्या वेळेसाठी समितीचा ठराव, सात मुलींची यादी आणि शाळेची वेळ जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या व पोचपावती घ्या. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा त्याला वजन असते. मुलींचा शाळेसाठीचा एसटी प्रवास मोफत आहे, परंतु तासाला पोहोचवत नसेल तर त्या पासाचा उपयोग अर्धाच राहतो, हेही अर्जात लिहा.

प्रश्न : मी बुलडाणा जिल्ह्यातला शेतकरी आहे. नातू सहावीत आहे. शनिवारी वर्गात ‘माझा आठवडा’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. त्याने मनापासून लिहिले, पण वही परत आली तेव्हा ‘येचला’, ‘काया’, ‘शायेत’, ‘मले’ अशा शब्दांभोवती लाल गोल होते आणि खाली ‘शुद्ध लिहा’ असा शेरा होता. तेव्हापासून तो घरात आपल्या आजीचे बोलणे सुधारायला लागला आहे, आणि ती त्याच्याशी बोलायला कचरते. आमची बोली अशुद्ध आहे का?

उत्तर : आजोबा, नाही. नातवाने लिहिलेले शब्द मनाला येईल तसे लिहिलेले नाहीत, ते नियमाने आलेले आहेत. पुस्तकी मराठीतल्या ‘ळ’च्या जागी वऱ्हाडीत ‘य’ येतो, म्हणून शाळा ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो आणि काळी माती ‘कायी’ होते. ‘मला, तुला’ यांच्या जागी ‘मले, तुले’ येते. हे ठरलेल्या रीतीने येते. ज्या बोलीला इतका पक्का नियम आहे तिला अशुद्ध कसे म्हणणार? मराठी भाषेचे विद्यापीठ आपल्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला उभे राहिले आहे, कारण मराठीचे जुने गद्य याच मातीत लिहिले गेले. नातवाला हे आजीसमोर बसवून सांगा.

शिक्षकांचेही एक म्हणणे आहे आणि ते ऐकले पाहिजे. पुढे परीक्षेत, अर्जात, नोकरीत नातवाला प्रमाण मराठीत लिहावेच लागेल आणि ते शिकवणे हे त्यांचे कामच आहे. त्यांचे चुकले ते एवढेच, की त्यांनी एक भाषा शिकवताना दुसरीला चूक ठरवले. लाल गोलाऐवजी पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारून डावीकडे ‘घरी’ आणि उजवीकडे ‘पुस्तकात’ असे लिहायला लावले असते, आणि ‘काया’समोर ‘काळा’, ‘शायेत’समोर ‘शाळेत’ असे मुलाकडूनच भरून घेतले असते, तर ‘य’ आणि ‘ळ’चा नियम त्याने स्वतः शोधून काढला असता. सहावीच्या मुलाला असे शोध फार आवडतात, आणि एकदा नियम हाती लागला की प्रमाण मराठी लिहिताना तो अडखळत नाही.

नातवाच्या दहा ओळींची नक्कल तुम्ही पाठवली आहे. त्यातली दुसरी ओळ अशी आहे : ‘आजीनं कापूस येचला अन् मले शायेत धाडलं.’ आठवड्याबद्दल माझ्याकडे आलेल्या सगळ्या पत्रांत इतके नेमके वाक्य दुसरे नाही. घरात माणसांची ओढाताण असताना म्हातारीने स्वतः वावरात जाऊन नातवाला शाळेत पाठवले, हे त्याने पाहिले आणि लिहिले. पुढच्या शनिवारी त्याने आजीकडून तिच्या आठवड्याची हकिकत ऐकावी आणि ती तिच्याच शब्दांत एका पानावर लिहून घ्यावी. शेजारच्या पानावर तीच हकिकत त्याने स्वतः पुस्तकी मराठीत लिहावी. शिक्षकांनी तपासायचे ते हे दुसरे पान, आणि आजीच्या पानाला लाल शाई लावू नये, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे. हे उत्तर त्यांना दाखवले तरी चालेल.